पीपीएफ की व्हिनाइल रॅप? कुठल्या पॅनलला काय लावायचं

गाडी नवीकोरी असो नाहीतर चार-पाच वर्षं चाललेली, बॉडीवर फिल्म लावायचा विषय निघाला की प्रश्न एकाच पद्धतीने विचारला जातो, पीपीएफ चांगली का रॅप चांगला, आणि मग उत्तरही अख्ख्या गाडीचं पॅकेज म्हणूनच मिळतं. मला वाटतं गडबड तिथेच होते. बॉनेटला जो मार बसतो तो छताला बसत नाही, दाराच्या कडेला जे होतं ते डिकीच्या झाकणाला होत नाही, मग सगळ्यांना एकच औषध कशाला? एकेक पॅनल धरायचं, त्याला काय लागतं, काय घासतं, ऊन किती बसतं हे बघायचं आणि मग ठरवायचं. असं केलं की बऱ्याच गाड्यांना दोन्ही थोडं थोडं लागतं असं लक्षात येतं, आणि काही पॅनलना तर काहीच लागत नाही.

आधी दोन्ही वस्तू मुळात काय आहेत ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुटतं. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, सगळे टीपीयूच म्हणतात. पारदर्शक, ताणली की परत जागेवर येणारी, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खड्यांचा मार बसायचा, तो झेलायला या प्रकारची फिल्म वापरली गेली, तिथून ती रेसिंगच्या गाड्यांवर आली आणि मग आपल्या रोजच्या गाड्यांवर. म्हणजे मार खाणं हेच तिचं मूळ काम. व्हिनाइल रॅप असतो पीव्हीसीचा, गोंद धरून ८० ते १०० मायक्रॉन, आणि त्याचं काम रंग बदलणं, फिनिश बदलणं, मॅट, सॅटिन, कार्बन फायबरसारखं टेक्श्चर, जे पाहिजे ते.

आता हे आकडे पेंटशेजारी ठेवून बघा. कंपनीतून आलेल्या गाडीचा प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, आणि त्यात सगळ्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० च्या आसपास. म्हणजे चांगली पीपीएफ ही तुमच्या अख्ख्या पेंटपेक्षा जाड असते. खडा उडून आला की ती फिल्म आत दबते, धक्का आजूबाजूला पसरवते आणि परत वर येते. व्हिनाइलला ते जमत नाही, ते पातळ आणि त्या मानाने कडक, त्यामुळे जोराचा खडा व्हिनाइल फाडून खालच्या पेंटपर्यंत जातो. धुताना पडणारे बारीक ओरखडे, ऊन, झाडाच्या फांदीचा हलका स्पर्श, एवढं मात्र व्हिनाइल आरामात सांभाळतं.

दुसरा मोठा फरक म्हणजे ओरखडा पडल्यावर काय होतं. बऱ्याचशा पीपीएफवर वरचा एक थर असा असतो की उष्णता मिळाली की बारीक चरे आपोआप भरून येतात, उन्हात गाडी उभी केली किंवा वरून गरम पाणी ओतलं तरी काम होतं. पण हे फक्त त्या वरच्या थरातल्या बारीक चऱ्यांपुरतं. किल्लीने कोणी ओढलेला खोल चरा भरत नाही, फिल्म चिरली तर चिरलीच. व्हिनाइलवर चरा पडला की तो राहतो, आणि पेंटसारखं टचअप करून, पॉलिश मारून तो घालवताही येत नाही, त्या पॅनलचा तुकडा नवीनच लावावा लागतो. काही वर्षांनी असा एक तुकडा बदलला की बाकीच्या उन्हाने उतरलेल्या रंगाशी तो जुळेलच असं नाही, हेही आधीच डोक्यात ठेवा.

आणि दोन्ही फिल्म डेंट थांबवत नाहीत. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार आपटलं तर पेंट कदाचित वाचेल, पत्रा आत जायचा तो जाणारच.

आधी गाडीचीच तपासणी

फिल्मचे कॅटलॉग बघण्याआधी गाडी स्वच्छ धुवा, सावलीत घ्या आणि मोबाइलचा टॉर्च पॅनलला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. बॉनेटच्या पुढच्या कडेपासून सुरुवात करा. बारीक बारीक ठिपके दिसतील, त्यातल्या एकेकाच्या आत नीट बघा. आतला तळ गाडीच्याच रंगाचा असेल तर फक्त क्लिअर कोट गेलाय. राखाडी किंवा पांढरट दिसला तर खडा प्रायमरपर्यंत पोचलाय. तपकिरी दिसला, नाहीतर ठिपक्याच्या कडेचा पेंट किंचित उचललेला वाटला, तर पत्रा स्टीलचा असेल तर गंज सुरू झालाय आणि त्यावर कुठलीही फिल्म लावणं म्हणजे गंजाला झाकून ठेवणं. आधी तो खरवडून, प्रायमर मारून दुरुस्त करा, मग पुढचं.

हीच तपासणी बाकीच्या पॅनलवर करत गेलात की तुमची गाडी तुम्हालाच सांगेल कुठे काय पाहिजे. ठिपके कुठे दाट आहेत, दाराच्या हँडलमागच्या खोबणीत नखांचे किती चरे आहेत, मागच्या चाकापुढचा भाग किती खरखरीत झालाय, डिकीच्या उंबऱ्यावर सामान ओढल्याच्या खुणा आहेत का. गाडी एकदम नवी असेल तर त्याच मॉडेलची दोन-तीन वर्षं चाललेली एखादी गाडी अशी बघून या, त्यावरून तुमच्या गाडीला मार कुठे बसणार ते कळतं.

रिपेंट झालेलं पॅनल असेल तर ते फिल्म लावणाऱ्याला सांगायचंच, लपवू नका. कंपनीचा पेंट भट्टीत भाजलेला असतो, त्याची पकड घट्ट असते. बाहेर मारलेला पेंट नीट तयारी न करता मारलेला असेल तर फिल्म काढताना क्लिअर कोट फिल्मबरोबर सोलून निघू शकतो. पेंट नुकताच मारलेला असेल तर आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो, साधारण महिनाभर तरी थांबा, नाहीतर फिल्मखाली फुगे येतात. सेकंडहँड गाडी असेल तर जाडी मोजायचं मीटर प्रत्येक पॅनलवर लावून घ्या, एखादंच पॅनल बाकीच्यांच्या दुप्पट जाड दाखवत असेल तर त्यावर काम झालंय हे नक्की.

आणि ज्यांना वाटतं की खराब पेंट रॅपखाली झाकला जाईल, त्यांना मी मनापासून सांगतो, तसं होत नाही. रंग उडालेला किंवा डाग असेल तर तो झाकला जाईल, पण निघालेला पोपडा, भरलेल्या पुट्टीची कड, खड्याचा खळगा, हे सगळं ग्लॉस रॅपमधून वर दिसतं, कधीकधी आधीपेक्षा जास्त. सुटायला लागलेल्या क्लिअर कोटवर तर गोंद धरतच नाही.

आता एकेक पॅनल

पुढचा बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरशांची कव्हरं आणि विंडशील्डच्या दोन्ही बाजूंचे खांब, म्हणजे गाडीचा सगळा चेहरा, ही पीपीएफची जागा. हायवेवर चालवत असाल तर यात फार विचार करण्यासारखं काही नाही. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी इथेच येते, किडे इथेच चिकटतात. किड्यांचे आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग क्लिअर कोट खातात, तो मार पेंटऐवजी फिल्मवर जातो. बजेट कमी असेल तर फक्त एवढंच करा आणि चांगल्या मटेरियलमध्ये करा, हलक्या फिल्ममध्ये अख्खी गाडी करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

यात एक पोटप्रश्न येतो, बॉनेट अर्धं करायचं का पूर्ण. अर्ध्या बॉनेटला खर्च कमी, पण फिल्म जिथे संपते तिथे आडवी रेघ दिसते, तिच्यात धूळ आणि वॅक्स बसतं, पांढऱ्या गाडीवर ती रेघ काळी दिसायला लागते, आणि काही वर्षांनी झाकलेला आणि उघडा पेंट वेगवेगळा उन्हाने उतरतो. मी तरी पूर्ण बॉनेटच सांगेन, कडा आत दुमडून.

दाराची बाहेरची कड, हँडलमागची खोबण, डिकीचा उंबरा, या छोट्या जागा आहेत पण रोजचं घासणं इथेच असतं. इथे पीपीएफच्या छोट्या पट्ट्या लावल्या तर दिसतही नाहीत. मागच्या चाकाच्या पुढचा भाग आणि दारांच्या खालचा पट्टा विसरला जातो, आणि रुंद टायर असलेल्या गाड्यांमध्ये तर पुढचं चाक सतत तिथे खडी फेकत असतं. खिडक्यांमधले चकचकीत काळे प्लॅस्टिकचे खांब नुसत्या कपड्याने पुसले तरी चरे पकडतात, तिथेही पीपीएफ. हेडलाइटसाठी वेगळी फिल्म येते, ती लावायला हरकत नाही.

छताचं गणित वेगळं. छतावर खडे फारसे येत नाहीत, फक्त विंडशील्डच्या वरची कड सोडून. त्यामुळे छत काळं करून दोन रंगांचा लूक हवा असेल तर व्हिनाइल योग्य, त्यासाठी पीपीएफचा खर्च करायची गरज नाही. पण ऊन सगळ्यात जास्त छताला आणि बॉनेटलाच बसतं, आडव्या पॅनलवरचं व्हिनाइल उभ्या पॅनलपेक्षा लवकर म्हातारं होतं. उभ्या दारांवर चांगलं व्हिनाइल पाच-सात वर्षं जाऊ शकतं, कडक उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या छतावर त्यापेक्षा बरंच कमी धरून चाला. क्रोम फिनिश तर त्याहूनही लवकर जातं. गाडी कायम उघड्यावर असेल तर हे लक्षात ठेवूनच छताचं व्हिनाइल निवडा.

दारांचा मधला भाग, मागचे फेंडर, डिकीचं झाकण. इथे खरं सांगायचं तर नुसतं लूकचं काम असेल तर व्हिनाइल, आणि लूक बदलायचा नसेल तर काहीच नाही केलं तरी चालतं. गाडी अरुंद गल्लीत उभी राहत असेल, येता-जाता सायकली आणि पिशव्या घासत असतील, तर मात्र दारांना पीपीएफचा विचार करा.

अख्ख्या गाडीचा रंगच बदलायचा असेल तर व्हिनाइल सोपं आणि स्वस्त, पण त्यात दोन गोष्टी आधी ठरवा. एक, दार उघडल्यावर आतल्या चौकटीत जुनाच रंग दिसतो, तिथेही रॅप करायचा असेल तर काम आणि खर्च दोन्ही वाढतं, त्यामुळे मूळ रंगाच्या जवळपासचा किंवा काळा-राखाडी निवडला तर ते डोळ्याला खुपत नाही. दोन, गाडीच्या नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असतो, तो बदलला तर परवानगी किंवा नोंद लागते का आणि इन्शुरन्सला कळवायला लागतं का हे काम करायच्या आधी विचारून घ्या, नंतर नाही. हल्ली रंगीत पीपीएफही मिळते, म्हणजे रंगही बदलतो आणि मारही झेलला जातो. खर्च साहजिकच व्हिनाइलपेक्षा जास्त आणि रंगांची निवड कमी, पण व्हिनाइल लावून त्यावर पारदर्शक पीपीएफ चढवायचा विचार करत असाल तर मी रंगीत पीपीएफच घ्या म्हणेन, कारण दोन थर असले की वरची पीपीएफ काढताना खालचं व्हिनाइलही बरोबर उचललं जातं.

गाडीला कंपनीचाच मॅट पेंट असेल तर विचार करत बसू नका, मॅट पीपीएफ लावा. मॅट पेंटला पॉलिश मारता येत नाही, चरा पडला की अख्खं पॅनल रंगवावं लागतं.

मटेरियल कसं ओळखायचं

फसवणूक इथेच होते म्हणून इथे थोडा वेळ घालवा. पीपीएफ म्हणून विकली जाणारी प्रत्येक फिल्म टीपीयूची नसते. टीपीएच नावाने येते ती मुळात पीव्हीसीच असते, तिला मऊपणा यावा म्हणून प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते कालांतराने उडून जातं आणि फिल्म कडक होते, पिवळी पडते, काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. सॅम्पलचा तुकडा मागा, दोन्ही हातांनी ताणा आणि सोडा. टीपीयू बऱ्यापैकी मूळ आकाराला परत येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते किंवा ताणल्या जागी पांढुरकी दिसते. टीपीयूमध्येही अ‍ॅलिफॅटिक आणि अ‍ॅरोमॅटिक असे दोन प्रकार असतात, अ‍ॅरोमॅटिक उन्हाने पिवळी पडते, बाहेरच्या बॉडीला अ‍ॅलिफॅटिकच पाहिजे. हे नाव घेऊन थेट विचारा, उत्तर देणारा गोंधळला तर तुम्हाला काय ते कळेल.

व्हिनाइलमध्ये कास्ट आणि कॅलेंडर्ड. कास्ट म्हणजे द्रवरूपात पसरवून भट्टीत सुकवलेलं, त्यात ताण उरलेला नसतो, त्यामुळे बंपरच्या वळणावर, आरशाच्या गोलाईवर ते बसतं आणि बसूनच राहतं. कॅलेंडर्ड म्हणजे रोलरमधून दाबून पातळ केलेलं, स्वस्त, पण ते हळूहळू आकसतं. कड दोन-तीन मिलिमीटर मागे सरकली की तिथे गोंदाची पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर मळ बसून काळी किनार तयार होते. सपाट जागेवरच्या स्टिकरला कॅलेंडर्ड चालेल, बॉडी पॅनलला कास्टच.

रोल तुमच्यासमोर उघडायला सांगा, बॉक्सवरचं नाव आणि लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. वॉरंटी कोण देतंय, फिल्म बनवणारी कंपनी का लावणारा, आणि त्यात काय धरलंय हेही लेखी घ्या. साधारणपणे पिवळं पडणं, तडे, फुगे, गोंद सुटणं हे धरलेलं असतं, खड्याने फाटणं किंवा अपघात नसतो.

लावताना आणि लावल्यावर

पीपीएफ ओली लावतात, खाली शॅम्पूचं पाणी मारून फिल्म सरकवून जागेवर आणतात आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, पाणी बाहेर काढतात. व्हिनाइल कोरडंच लावतात, त्याच्या गोंदात हवा निघायला बारीक नाल्या असतात. त्यामुळे नवीन पीपीएफखाली पाण्याचे बारीक फुगे किंवा थोडा धुरकटपणा दिसला तर घाबरू नका, तो काही दिवसांत सुकून जातो, सुईने टोचायला जाऊ नका. आत अडकलेला धुळीचा कण मात्र जात नाही, तो हाताला टणक लागतो. व्हिनाइल जिथे ताणलंय तिथे शेवटी ९० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावं लागतं, नाहीतर खोलगट जागेतून आणि कडांवरून ते परत उचललं जातं. हे काम डोळ्याने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर धरून करतात, लावणाऱ्याकडे तो आहे का बघा.

सगळ्यात काळजीची गोष्ट ब्लेड. फिल्म गाडीवरच ठेवून ब्लेडने कापली की थोडा जरी जोर जास्त पडला तरी खालचा क्लिअर कोट चिरला जातो आणि फिल्म काढेपर्यंत ते कळतही नाही. पीपीएफला मशीनवर आधीच कापलेला तुमच्या मॉडेलचा कट घ्या, व्हिनाइलला बिनब्लेडची दोऱ्याची टेप वापरायला सांगा, तिच्यातला दोरा ओढला की फिल्म कापली जाते. हाताने कापणारे उत्तम कारागीर आहेत, कडा ते जास्त आत दुमडतात, पण त्यांचं आधीचं काम जवळून बघितल्याशिवाय गाडी देऊ नका.

लावण्याआधी गाडीवरचं वॅक्स, जुनं सिरॅमिक कोटिंग (पेंटवर द्रवरूपात लावून कडक होणारा संरक्षक थर) उतरवावं लागतं, क्ले बार, म्हणजे पेंटला चिकटलेला मळ ओढून घेणारी मऊ वडी, फिरवावा लागतो, नाहीतर कडा धरत नाहीत. सिरॅमिक करायचंच असेल तर फिल्मवर करा. सिरॅमिक एकटं खडे थांबवत नाही, त्याचा थर फारच पातळ असतो, हा गैरसमज अजूनही खूप आहे. पार्किंग सेन्सरवर फिल्म ताणू नका, तिथे गोल कापून घ्या, आणि बंपरमागे रडार असेल तर क्रोम किंवा मेटॅलिक फिल्म त्यावर नको, सिग्नल अडू शकतो, गाडीच्या मॅन्युअलमध्ये रडार कुठे आहे ते बघा.

गाडी ताब्यात घेताना परत तोच टॉर्च आडवा धरा. कडा, कोपरे, हँडलभोवती, लोगोभोवती, बंपरचं टोक. ताणल्याच्या रेघा, उचललेले कोपरे, अडकलेला केस, जे दिसेल ते तिथेच दाखवा आणि फोटो काढा. मग आठवडाभर धुवू नका. नंतर प्रेशर वॉशरची नळी ३० सेंटीमीटर तरी लांब ठेवा आणि पाणी कडेच्या दिशेने आत घुसेल असं मारू नका. पक्ष्यांची विष्ठा, किडे, सांडलेलं पेट्रोल त्याच दिवशी पुसा, फिल्म आहे म्हणून राहू देऊ नका. मॅट फिनिशवर वॅक्स नको.

शेवटी फिल्म काढायची वेळ येते, आणि ती वेळेत काढणं लावण्याइतकंच महत्त्वाचं. व्हिनाइल तडकायला लागलं, पीपीएफ पिवळी दिसायला लागली की अजून एक उन्हाळा बघू असं करू नका, जितकं ऊन खाईल तितका गोंद पेंटवर राहतो. पॅनल हाताला चांगलं गरम लागेल इतपत तापवायचं, फिल्म सरळ वर न ओढता पेंटला जवळजवळ समांतर, हळूहळू मागे घ्यायची, आणि मध्येच अडकली की ओढायचं थांबवून परत उष्णता द्यायची. उरलेला गोंद गोंद काढायच्या लिक्विडने मऊ कापड भिजवून, थोडा वेळ मुरू देऊन पुसायचा, ब्लेडने किंवा नखाने खरवडायचा नाही.